मधला फोन

अकरा वर्षं हेल्डुरचा फोन
आम्हा दोघांच्या मध्ये झोपायचा.
पार्नूच्या खिडक्यांच्या कारखान्यात हा सुतार;
एकदा ऑफिसचा प्रिंटर चालू करून दिला,
एवढाच गुन्हा.
तेव्हापासून झाडूंच्या खोलीतला सर्व्हर
गळ्यात पडला तो पडलाच.
कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचं बिल अडकलं,
हा भरल्या ताटावरून उठायचा.
बटाटे गार.

मार्चमध्ये मालकीणबाईंनी हिशोब मांडला
आणि सगळं लचांड कौनासच्या कंपनीला देऊन टाकलं.
महिन्याला ठरलेले पैसे,
रात्रभर तिकडे कुणी ना कुणी जागं.
‘परक्यांना आपली दुखणी काय कळणार?’
आठवडाभर नुसती कुरकुर.

काल पहाटे तीनला सर्व्हर कोसळला
आणि चारच्या आत उठून उभाही राहिला.
आम्ही घोरत होतो.
सकाळी युर्गिता नावाच्या कुणा मुलीच्या दोन ओळी:
झालं. काळजी नसावी.
त्यानं त्या दोनदा वाचल्या,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
जरा लागलंच असावं त्याला.

संध्याकाळी कोट काढला
तर खिशातून पाइनच्या कुरळ्या ढलप्या
माझ्या नुकत्या पुसलेल्या फरशीवर.
किती वर्षांनी रंधा हातात धरला होता, देव जाणे.

केरसुणी हाताशीच होती.
राहू दिल्या.