पारखीच्या शेडमधले दोन मास्तर

मुकुटबनच्या रस्त्याला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये
माझं पूलचं टेबल आहे. एकच.
कोळसा खाणीच्या साहेबांचा क्लब मोडला तेव्हा
ट्रॅक्टरमध्ये गादी अंथरून आणलं,
बाळंतिणीला आणावं तसं, गचके चुकवत.
तासाला साठ रुपये. लाइन गेली की मीटर बंद.

आडनाव पारखी. म्हणून लोकांना वाटतं
मला पारख असणारच.

पोरं म्हणाली, भाऊ, शिकवणारा ठेवा ना एखादा.
दोघे आले.

अनुप सर नागपूरचे. बासरीसारखी जोडायची स्वतःची काठी,
तीन बोटांचा हातमोजा,
आणि काचेच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र.
येताच खिळा मागितला.

दुसरे सुखदेव धुर्वे. त्याच क्लबात एकतीस वर्षं मार्कर.
साहेबांचे गुण मोजले,
खेळले ते रात्री, दिवे मालवायच्या आधीची पंधरा मिनिटं.

मी परीक्षा घेतली, माझ्या अकलेप्रमाणे:
पंधरा बॉल, घाला.
सरांनी पंधरा घातले, शेवटचा तर पोरांकडे बघत.
शिट्ट्या.
धुर्वेंनी तीन. हात कापत होता.
चौथ्याला पांढराच खिशात गेला.
"पडला बाप्पा," म्हणाले, आणि आपणच हसले.

सरांना सहा हजार महिना, वर चहा.
धुर्वेंना रात्रीची राखण.

सर देखणं खेळायचे.
पोरगा चुकला की "असं नाही, असं" म्हणत
काठी त्याच्या हातातून घ्यायचे, बॉल घालून दाखवायचे.
दर वेळी बॉल जायचा.
दर वेळी पोरगा एक पाऊल मागे सरायचा.
महिना भरला तेव्हा दिसलं, सांगायला लाज वाटते,
सगळी पोरं भिंतीला टेकली होती.

एकदाच चुकले सर. म्हणाले, टेबल तिरपं आहे.

समोरच्या पंक्चरवाल्याची शाहीन
सुट्टे मागायला यायची, आणि सुट्टे विसरायची.
एका रात्री कुलूप लावायला आलो तर
धुर्वे तिच्या काठीकडे बघतच नव्हते,
उकिडवे बसून पाय बघत होते.
"मारू नोको. वजन कोन्त्या पायावर हाये तुह्यं?"
"डाव्या."
"काऊन?"
ती विचार करू लागली. ते थांबले.
कूलरचं पाणी ठिबकत राहिलं,
मला तेवढा वेळ धीर निघाला नसता.

ती चुकली. ते बोलले नाहीत.
पांढरा जिथे थांबला तिथे एक काडी ठेवली आगपेटीतली.
"आता सांग, अथीच काऊन थांबला?"
तिनं चुकीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं,
आवाज तोच.
मग म्हणाले, "टेबल खिडकीकडं उतरते, पोरी.
त्याची चूक तुह्या नावावर नोको मांडू.
तुही चूक त्याच्या नावावर बी नोको."

लोक विचारतात, चांगला मास्तर ओळखायचा कसा?
मला विचारतात! ज्यानं पंधरा बॉल मोजून माणूस ठेवला.
एवढंच सांगू शकतो,
की पोळ्याच्या आदल्या दिवशी शाहीन म्हणाली,
"बाबा, तुमचं कोपर बाहेर जाते,"
तर म्हाताऱ्यानं पुन्हा मारून पाहिलं,
पुन्हा चुकला,
आणि तोंडभर हसला. "हाव ना! जाते!"
तीन बॉल घातले त्या दिवशी तो एवढा हसला नव्हता.

पांढरकवड्याच्या स्पर्धेत ती काळ्यावर हरली.
रात्री परतली तेव्हा लाइन नव्हती.
धुर्वेंनी हारजीत विचारली नाही.
"पांढरा कुठं थांबला?"
तिनं अंधारात खिसा चाचपला,
हिरव्या कापडावर हातानं अंतर मोजलं
आणि काडी ठेवली.

सर केव्हाच गेले. फ्रेम न्यायची विसरले.
ती अजून भिंतीवर आहे.
खिळा काढला तर पोपडा निघेल.