बेणं

मंडीत मी संत्र्याची बोली लावायचो, अठरा वर्षं.
एक बार, दोन बार... साऱ्या वरुडाला ऐकू जायचं.
भादव्यात आंबियाचा पहिला माल उतरला
अन् माझा आवाज बसला,
बसला तो बसलाच, म्हाताऱ्या बैलासारखा.

डॉक्टरानं गोळ्या दिल्या. पंचफुलानं नुसतं पाहिलं
अन् खुरपं न घेता, रिकाम्या हातानं वावरात गेली.

उन्हाळ्यात तिनं संत्र्याच्या सावलीत
बाजारच्या अद्रकाचे तुकडे पुरले होते, डोळा वर करून.
मी हसलो होतो: काळ्या मातीत अद्रक सडतं बाई,
हे काही साताऱ्याकडचं वावर नव्हे.
तिनं वाफे उंच केले, शेणखत टाकलं,
उत्तर दिलं नाही.

आता गुडघ्याच्या वर पानं. ती बुडाशी बसली,
दोन बोटं मातीत सरकवून चाचपलं
अन् नव्या कोंबांना धक्का न लावता
खालचं जुनं बेणं मोडून घेतलं.

"झाड मरन न," मी कुजबुजलो.
"नाही मरत. लेकरं उभी झाली आपल्या पायावर.
माय मोकळी."

सुरकुतलेलं, काळवंडलेलं ते.
नखानं खरवडलं तर आत पिवळं,
वास थेट डोळ्यात.

ठेचून उकळलं, गुळाचा खडा, चिमूटभर मीठ.
पहिल्याच घोटाला घसा पेटला.
सुंठीवाचून खोकला जातो ते लोक वेगळे.

आठ दिवसांनी मंडीत उभा राहिलो.
आवाज अर्धाच आला.
व्यापारी जरा जवळ सरकले,
ऐकायला.