सात बळी

आगाशे वकिलांच्या नातवाने वही उघडली,
वाळवीने कडा खाल्लेली. दापोली, फेब्रुवारी १९३९.
फलंदाजांची नावं आडनावांसकट, टाकाने, वळणदार.
गोलंदाजांच्या रकान्यात एका ओळीवर फक्त:
कॅम्पातला मुलगा. सात बळी.

तो माझा बाप. रत्नू धाकनाक गमरे.
फिरकी शिकला उंडीच्या फळांवर,
हर्णैच्या बाजूला, ओहोटीच्या ओल्या वाळूत.
मैदानावर सरावाला कोण घेणार?
सामन्याच्या सकाळी मात्र निरोप यायचा,
"रत्नू, ये रे. खेडवाले भारी पडतायत."

चहाला तो सीमारेषेपलीकडे,
करवंटी त्याची, घरून आणलेली.
आणि त्याची थुंकी लावून घासलेला चेंडू
आगाशे स्लिपमध्ये झेलायचे, ओरडायचे, शाब्बास!
कातड्याला विटाळ धरत नसावा.

एकेचाळीसला भरती.
तिथल्या कारकुनाने नाव पुरतं लिहिलं,
बापाचं, गावाचं, तालुक्याचं,
आणि चुकवलं: रतनू गमरी.
त्या चुकलेल्या नावाला पाच वर्षं
बाबा ताठ उभे राहून ओ देत होते.

ब्रह्मदेशात हातगोळे फेकायला त्यांनाच पुढे करत.
लहानपणी मी विचारलं, किती?
म्हणाले, "तिकडं वही कोण ठेवतो गो."

सेहेचाळीसला बोट हर्णैला लागली.
पडाववाल्यांनी बाकीच्यांना खांद्यावरून काठाला नेलं.
बाबा कमरेएवढ्या पाण्यातून आले, डोक्यावर ट्रंक,
ट्रंकेत दोन पदकं आणि एक कोरा टॉवेल.
सरकारी बूट भिजले, त्याचंच वाईट वाटलं म्हणे.

आगाशांचा निरोप आला: या वेळी काचेचा पेला ठेवतो.
बाबा गेले नाहीत.
ओहोटीला वाडीतली पोरं जमवली.
डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच उरलेलं,
उंडी आता भलतीकडेच वळायची,
पोरं चकायची, बाबा हसायचे,
मग एकदम गप्प होऊन पाण्याकडे बघत राहायचे,
पोरं ओरडायची, टाका ना, टाका ना.

नातवाने पेन पुढे केलं,
"नाव घाला ना, काकू. जागा आहे."
जागा होती खरी. बोटभर.
तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली,
कपबशी, काठाला निळी वेल.
मी पेन वहीत ठेवलं
आणि चहा बशीत ओतून प्यायले,
सावकाश, फुर्रफुर्र आवाज करत,
सगळ्या घराला ऐकू जाईल असा.