चारशे बारा विती

लुमाण्णा आज्जा फूटपट्टी मागायचा नाही,
हात पसरायचा.
पाटापासून चुलीपर्यंत अकरा विती,
मल्लव्वा काकीच्या दारापर्यंत छप्पन्न.
अंगठा आणि करंगळीमधला तो ताण
खानापूरच्या रानात, मँगनीजच्या खाणीत कमावलेला.
तिथं मुकादम टेप लपवून ठेवायचा
आणि मजुरी विती कापून द्यायचा.

बेळगावच्या भरतीत साहेबानं छाती मोजलीच नाही.
तळवे उलटे केले, नखांतला काळा बघितला,
"सुरुंगवाला," म्हणाला, आणि लिहून घेतलं.

वाळवंटात खोदणं म्हणजे
पाण्याला भोक पाडणं, आज्जा सांगायचा.
मग एका सकाळी तोफा गप्प झाल्या
आणि आपलाच मेजर पांढरा टॉवेल घेऊन चालत गेला.
लढाईचं यापुढं काही नाही.

गावात तार आली: बेपत्ता.
वर्षभर वाट बघून दिवस घातले,
आज्जीनं हिरव्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या.
तेव्हा तो इटलीत
बटाटा सालीसकट खात असणार.

छावणीतल्या बराकीत पंजाबी, गढवाली,
एक शिकलेला हवालदार, त्याच्याकडं नकाशा.
आज्जानं शेगडीखालच्या भुईला कान लावला,
बोटाच्या पेरानं ठोकली,
"ही माती खोटं बोलती. डावीकडनं जाऊया."
मराठी कुणालाच येत नव्हतं.
डावीकडनं गेले.
चमच्यानं, डब्याच्या पत्र्यानं,
खाटांच्या फळ्यांचा टेकू देत,
चारशे बारा विती.

सहा जण बाहेर पडले. सातवा तो.
तारेपल्याड डोकं काढलं
तर नांगरलेल्या रानाचा वास,
आणि लांब कुठंतरी कुत्रं,
अगदी आपल्याकडच्यासारखं भुंकणारं.
तिथनं तो मागं वळला.

का, ते मी दहादा विचारलं.
कधी म्हणाला, गुडघा धरला होता.
कधी, मागं गढवाली पोरगं अडकलं होतं,
त्याला श्वास घेता येईना.
एकदाच, ताप चढलेला असताना:
"वर लई मोठं होतं गा.
मोजता येईना."

आमच्यात पुरतात.
जाळा मला, म्हणून ठेवलं होतं त्यानं,
भावकीनं ऐकलं नाही.
खड्ड्यात मी उतरलो.
आठ विती बास, वरून कुणीतरी म्हणालं.
माझी वीत त्याच्यापेक्षा आखूड.
मी अकरा धरल्या,
वळायला जागा असावी म्हणून.