मधला मुक्काम

क्लाक्सविक बंदराच्या ऑफिसात
सकाळपासून राग्नफ्री एकच फाइल जोडतेय.
नवं सॉफ्टवेअर म्हणतं : ओळख पटत नाही.
सत्त्याण्णवची फाइल, हानुसनं बांधलेली :
बोटी, वजनं, कॉड, हॅडक,
आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

तिसऱ्या कॉफीनंतर ती कपाटातला जुना लॅपटॉप काढते.
पंखा घरघरतो. मधल्या कुठल्याशा आवृत्तीत
फाइल एक मुक्काम करते,
मग पुढे निघते.

तक्ते जुळले. नावांतली काही अक्षरं तेवढी
प्रश्नचिन्हं झालीत;
ती एकेक हातानं नीट करते.

चौदा नोव्हेंबर. शेरा :
‘धुकं. स्वानुर अजून आली नाही.
वजनात शून्य लिहू नये.’

नवं सॉफ्टवेअर विचारतं,
रिकाम्या जागी शून्य भरू?

राग्नफ्री खिडकीकडे न बघता
‘नाही’ दाबते.