एकेचाळिसावी नळी

कलाचाच्या विहिरीवर आई
उंटिणीच्या शेपटीखाली हात घालते
आणि न बघताच सांगते, सात.
मी वहीत सात लिहिते.
मग कान. मग नाकपुडीच्या आत,
जिथं उंटिणीला स्वतःला काहीच करता येत नाही,
तिथं दोन बोटं घालून ओढते एकेक गोचीड,
राखाडी, टच्च, भिजल्या वाटाण्याएवढी,
आणि दगडावर ठेवून टाचेनं फोडते.
मी ओरडते, "अगं, एखादी तरी जिवंत ठेव, मला न्यायचीय."
ती म्हणते, "मार्साबितला शाळेत घातलं तुला
ते सिल्मी गोळा करायला?"

सिल्मी. आमच्या बोलीत गोचिडीचं हे नाव.
म्हणताना दात मिटावे लागतात.
बाभळीखालच्या वाळूत ती उपाशी बसते
एक पावसाळा, कधी कधी दुसराही,
आणि उंटाच्या श्वासाची ऊब आली की
चक्क धावत सुटते.
आजोबा म्हणत, सोयऱ्यांतही असे असतात.

चाळीस उंट, चाळीस नळ्या.
मानेची शीर मी शोधायची, तोंड गल्गल्लोनं धरायचं,
शिव्या आईनं द्यायच्या, आम्हाला, उंटांना नव्हे.
लॉरीच्या टपावर बर्फाची पेटी मांडीत घेऊन
चाल्बीचं मीठ दात-ओठांवर घेत
मी डोंगरावर चढले, धुक्यात,
जिथं जनरेटर चालू असेल तोवरच फ्रिज थंड असतो.

चाळीसपैकी एकतीस.
रक्तात अ‍ॅनाप्लाझ्मा, तांबड्या शाईत लिहिलं मी.
आणि हे एकतीस उंट चरतायत,
ओझं उचलतायत, पिल्लांना पाजतायत.
आजारी म्हणावं तर उभे आहेत.
बरे म्हणावं तर डिमाची मदार
एका बाजूला कलंडलीय, फाटक्या पखालीसारखी,
आणि तिचं पिल्लू दिवस भरण्याआधीच पडलं.
याच जंतूनं पडलं का? मला ठाऊक नाही.
अहवालात 'ठाऊक नाही' असा रकाना नसतो.
आमची सगळी मदार त्या मदारीवर,
हे लिहायलाही नसतो.

मग गल्गल्लोचा फोन.
आईला चार दिवस ताप. दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या,
मलेरिया नाही असं निघालं तरी पुन्हा त्याच गोळ्या.
मी पोचले तेव्हा ती चटईच्या तंबूत
भिंतीकडं तोंड करून पडली होती.
उजेड सोसत नव्हता.
"वारं बाधलं," म्हणाली.
मी तिचा पाय वळवला. गुडघ्यामागं,
जिथं तिला स्वतःला दिसत नाही,
एक काळी खपली, भोवती लाल कडं,
लोण्यात तळलेल्या कॉफीच्या दाण्याएवढी.

चाळीस उंटांच्या नाकपुड्या तपासल्या मी.

नर्स दार्मीनं पिवळ्या कॅप्सूल दिल्या,
मी तिच्या दंडातून रक्त घेतलं.
तिसऱ्या दिवशी आईनं चहात मीठ कमी आहे म्हणून
सुनेला झापलं,
तेव्हा मी बाहेर जाऊन थोडा वेळ बसले.

"माझं रक्त कितव्या नळीत?"
एकेचाळिसाव्या.
"उंटांच्याच ओळीत?"
पेटीत जागा तेवढीच होती, आई.
"मग आता मांडीवर डागणी घेऊ का, आपल्या कुळाची?"
हसता हसता खोकली.
मग कॅप्सूल उजेडात धरून फिरवली.
"डिमाला ही किती लागेल?"

मी मनात हिशेब केला.
डिमाचं वजन, मग एका कॅप्सूलची किंमत,
मग बाजारात एका बोकडाचे किती येतात,
मग किती बोकड.
म्हटलं, बघते, विचारते साहेबांना.
तिनं माझ्याकडं पाहिलं
आणि उरलेल्या दोन कॅप्सूल मागितल्या.
नाही दिल्या. समोर बसून गिळायला लावल्या.

निघताना लॉरी भोंगा वाजवत होती.
ती विहिरीवरून आली, अजून जरा लटपटत,
पदराच्या टोकाला गाठ.
"घे. डिमाच्या कानातली.
जिवंत आहे. उपाशी मारू नकोस."