विभाग चाळीस, उत्तर

नवीन प्रकल्प. रिकामा.
नाव विचारतं, मी लिहिते: खसाब-दोन.
खसाब-एक अश्रफसाहेबांचा होता,
तो आता कुणालाच उघडत नाही.

मग विचारतं, पृथ्वी कुठली.
म्हणजे कुठला गोल, कुठला विभाग, अंश की मीटर,
आणि मी चहा ढवळत एकोणचाळीस टाकते.
मागचं काम दोहाचं होतं, बोटांना तेच पाठ.

सतरा टॉवर टपाटप उतरले
दम्माम आणि बहारीनच्या मधल्या पाण्यात.
किल्ला, धक्का, विमानतळ, पेट्रोलपंपाशेजारची करकची टपरी,
अख्खं गाव सहा अंश पश्चिमेला बुडालं
आणि स्क्रीनवर एक बुडबुडा नाही.

आबा इचलकरंजीला मोजणी खात्यात होते.
दोन्हीकडचे भाऊ बांधावर हमरीतुमरीवर आले तरी
साखळी काढायचे नाहीत.
आधी उकिडवे बसून गवत बाजूला सारायचे,
हद्दीचा जुना दगड शोधायचे.
दगड सापडला की भांडण निम्मं मिटतं, म्हणायचे.
निम्मंच म्हणायचे.

चाळीस. उत्तर.
गाव एका उडीत घरी आलं.

आता डोंगर भरायचे.
उंचीचा नकाशा, तीस मीटरचा एकेक चौकोन.
त्या चौकोनात इथला एक कडा सबंध मावतो
आणि सरासरीत त्याची टेकडी होते, शाळेची सहल चढेल अशी.
दुरून साजरे वगैरे लहरींना कुणी शिकवलेलं नाही,
त्या सरळ येऊन आपटतात.
मग जमिनीचे रंग: समुद्र, उघडा खडक, खजूर,
वस्ती विरळ, वस्ती दाट.
मग अँटेनांची तोंडं, कुणी किती अंश मान खाली घालायची ते.

गणिताची पट्टी सरकते. चौदा टक्क्यांवर अडते.
जोबी म्हणतो, जेवून ये.

जेवून आले तर चित्र तयार:
गावावर लाल, वाडीवर पिवळं,
आणि खोरात, डोंगरांच्या बगलेत, पांढरं. काहीच नाही.
त्या पांढऱ्यात एक चिमुकलं बेट आहे,
राणीच्या राज्यात तिथे तारघर होतं.

कुमझारला रस्ता नाही, होडीच.
प्रकल्प विचारतो, माणसं किती.
उबेद सुकाणू धरून म्हणतो, कधीची?
उन्हाळा लागला की सगळे खसाबला जातात, खजुराला,
उतरला की परत.
खाना एकच आहे. एकच आकडा घेतो.
मी हिवाळ्याचा टाकला, आणि मोजायला गेलो जूनमध्ये.

मांडीवर लॅपटॉप, टपावर अँटेना, घाम नाकावरून कीबोर्डवर.
दाराला दार, दाराला कुलूप, गल्लीत एक मांजर.
तेवढ्यात फोन थरथरला:
इराणमध्ये आपलं स्वागत आहे.
समुद्रावरची गरम हवा पलीकडचा आवाज
नळीतून ओतावा तसा इकडे आणते,
हे पुस्तकात वाचलं होतं. मॉडेलमध्ये नाही घातलं.
उबेद हसला. मी दरवर्षी जातो, म्हणाला,
इथेच बसून. पासपोर्ट लागत नाही.

मग त्याने स्क्रीन स्वतःकडे वळवली,
कुमझारच्या टॉवरचा बाण बघितला,
हनुवटी खाजवली.
हा पस्तीस अंशाला का?
मी म्हटलं, सॉफ्टवेअरने सुचवला.
तिकडे शेळ्या असतात, म्हणाला. नुसत्या शेळ्या.
आणि हात लांब करून दाखवलं
बंद घरांमधलं एक धाबं, निळी टाकी, कपड्यांची दोरी,
आई संध्याकाळी तिथे बसते, ऑक्टोबरपासून.

त्याच्या बोटामागे होकायंत्र धरलं.
होडी हलत होती.
एकावन्न. त्रेपन्न. परत एकावन्न.
मी बावन्न लिहिलं.